केवळ ओळखीसाठी

माणसाला ओळखणं हे या जगातलं सर्वांत कठीण काम आहे. त्यापायी राज्यं बुडाली, संत वाळवंटात जाऊन बसले आणि शहाण्या माणसांनी जाडजूड ग्रंथ लिहून शेवटी हात टेकले. आमच्या हेस्टा गावात वर्ना स्कोग्मो हे काम एका हाताने बियरचा ग्लास नळाखाली तिरका धरून दुसऱ्या हाताने माशी मारता मारता करायची.

तिच्या बारमध्ये नवं तोंड दिसलं की ती एकच प्रश्न विचारायची.

"कुणाचा रे तू?"

पोरगं बापाचं नाव सांगायचं. वर्ना डोळे बारीक करायची. मग कुठल्या हिवाळ्यात कुणाच्या गायी उभ्या गोठल्या, कुठल्या वादळात ल्युथरन चर्चचं छप्पर उडून ब्रेक्केंच्या मक्यात पडलं, हे सगळं तिच्या डोक्यात फिरायचं आणि उत्तर बाहेर यायचं. "छप्पर उडालं तेव्हा तुझी आई पोटुशी होती. म्हणजे तू बावीसचा. घे." एकवीसच्या आत दारू द्यायची नाही हा कायदा, आणि तो वर्नाने सव्वीस वर्षं असा पाळला. एकदाही चूक नाही.

मग मार्चमध्ये एक पोरगी आली. खताच्या कंपनीची टोपी, गालावर मुरुम.

"कुणाची गं तू?"

"एडना ब्रेक्केची नात."

"थोरलीची का धाकटीची?"

"धाकटीची."

पोरीने आपण होऊन वयाच्या पुराव्याचं कार्ड पुढे केलं होतं; आमच्याकडे ते म्हणजे गाडी चालवण्याचा परवानाच. आमच्या राज्यात एकवीसच्या आतल्यांचं कार्ड उभं असतं आणि वरच्यांचं आडवं. घाईत असलेल्या दुकानदारालाही एका नजरेत कळावं म्हणून सरकारने केलेली सोय. वर्नाने ते उभं कार्ड पोरीच्या हातासकट बाजूला सारलं. "ठेव ते. मला काय कार्ड दाखवतेस. धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी तुमचं कोठार जळलं. पाणी मारायला मी होते." आणि ग्लास भरून दिला.

ब्रेक्केंचं कोठार दोनदा जळलं होतं.

पोरगी एकोणीसची निघाली. तिला आत पाठवून बाहेर गाडीत बसलेला सरकारी माणूस आत आला, सभ्यपणे टोपी काढली आणि कागद लिहायला लागला. पुढच्या आठवड्यात राजधानीतून पत्र आलं. वर्षाच्या आत आणखी एक चूक झाली की बारचा परवाना रद्द. तपासणी कधीही, न कळवता होईल.

एरवी असल्या पत्राने कुणी घाबरलं नसतं. पण त्या वर्षी एप्रिलपासून आभाळाने तोंड फिरवलं होतं. गव्हाने गुडघा पाहिला नाही. जूनमध्ये टोळ आले आणि उरलंसुरलं खाऊन कुंपणाच्या खांबांचा रंग चाटायला लागले. स्कोग्मोंचं पीक गेलं. राहिलेल्या चाळीस गायींना चारा नव्हता. घर चालत होतं ते या एका खोलीवर, तिच्यातल्या नऊ स्टुलांवर आणि भिंतीवर चौकटीत लावलेल्या त्या परवान्यावर.

वर्नाच्या नवऱ्याने, डेल्मरने, कोठारातली फळी आणून तिच्यावर लाल रंगाने लिहिलं: कार्ड नाही तर बियर नाही. कुणीही असो. गठ्ठे बांधायच्या यंत्राने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं फार पूर्वी नेली होती, त्यामुळे सगळी अक्षरं एका बाजूला झोपलेली. फळी त्याने गल्ल्याच्या वर दोन खिळ्यांवर टांगली.

पहिल्या दिवशी गाव हसलं. आमच्याकडे पाकीट कुणी खिशात ठेवत नाही. ट्रॅक्टरवर बसताना टोचतं. कार्ड असतं पिकअपमध्ये, डोळ्यांवरचं ऊन अडवायची झडप असते तिच्या मागे खोचलेलं. त्यामुळे प्रत्येकाला आत येऊन, फळी वाचून, शिव्या देऊन परत बाहेर जावं लागायचं. माझं दारापासून तिसरं स्टूल. मी चौऱ्याहत्तरचा. वर्नाने माझं कार्ड उजेडात धरलं, उलटं केलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कार्डाकडे बघितलं.

"हा तू आहेस?"

"होतो."

म्हातारे पाद्री लुंडे एक्याण्णव वर्षांचे. ते म्हणाले, "वर्ना, तुझा बाप्तिस्मा मी केलाय."

"मग कार्डावर तुमची तारीखही तेवढी जुनी असेल," वर्ना म्हणाली.

ते कार्ड आणायला गेले आणि गाडीतच झोपले. तासाभराने कार्ड हातात घेऊन आले तेव्हा कशाला गेलो होतो ते विसरले होते.

चार वाजता मर्ल आला.

मर्ल डेल्मरचा थोरला भाऊ. बहात्तरचा, लग्न न केलेला, बापाच्या जुन्या घरात दोन मैलांवर एकटा राहणारा. सहा फूट तीन इंच, आणि हात असे की त्यात बियरचा ग्लास औषधाच्या पेल्यासारखा दिसायचा. रोज चारला यायचा, दारासमोर एका ठरलेल्या जागी पिकअप लावायचा आणि भिंतीकडच्या शेवटच्या स्टुलावर बसून दोन ग्लास प्यायचा. माणूस बरा होता. पण गेल्या दोन वर्षांत त्याला नवीच घमेंड चढली होती. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचाच नाही. मान वाकडी करून कानाकडे बघून बोलायचा, जसं काही तुमच्यापेक्षा तुमचा कान जास्त लायकीचा आहे. रस्त्यात हात केला तरी उत्तर द्यायचा नाही. गाव म्हणायचं, म्हातारपणी डोक्यात हवा गेली.

"कार्ड," वर्ना म्हणाली.

"कसलं?"

"ओळखीचं. फळीवर लिहिलंय."

मर्लने फळीकडे मान वळवलीसुद्धा नाही. "मला ओळखत नाहीस?"

"तुझ्या बनियनला भोकं किती आहेत तेही मला माहितीय. मीच धुते. कार्ड दे."

"नाही देत."

"सगळ्यांनी दिलंय. पाद्रींनी दिलं."

"पाद्रींना द्यायचं असेल. माझ्या भावाच्या घरात मी कार्ड दाखवायचं?"

"मग कॉफी घे."

कुणीतरी हसलं. मी नव्हे, असं मला वाटतं. मर्लने हात पुढे टाकला आणि वर्नाचं मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं, आणि आवळत गेला. वर्नाचा चेहरा पांढरा होत गेला. दुसऱ्या हाताने त्याने काउंटरवरची व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या अंड्यांची बरणी ढकलली. ती फुटली. काचा, व्हिनेगर, चाळीस उकडलेली अंडी. मागच्या खोलीतून डेल्मर आला तो त्या अंड्यांवरूनच घसरला आणि हनुवटीवर पडला. उठला तेव्हा तोंडातून रक्त येत होतं आणि जिभेला भोक पडलं होतं. मर्ल तोवर दाराशी पोचला होता. दाराची चौकट त्याला खांद्याला लागली. त्याने चौकटीला शिवी दिली आणि गेला.

वर्नाच्या मनगटावर चार बोटांचे चार निळे डाग उमटले. ती लांब बाह्यांचा सदरा घालायला लागली, त्या उकाड्यात.

"एकदा बियर दिली असतीस तर काय झालं असतं?" डेल्मर त्या रात्री अडखळत म्हणाला. जिभेला टाके होते.

"त्याला दिली की लुंडेंना द्यावी लागते. लुंडेंना दिली की सगळ्यांना. मग एखादी पोरगी येते."

"तो भाऊ आहे माझा."

"म्हणून तर सगळे त्याच्याकडे बघतायत."

त्यानंतर मर्ल आला नाही. शेवटचं स्टूल रिकामं राहिलं. त्यावर कुणी बसलं नाही, फळीवर तसं काही लिहिलेलं नसताना.

दोन्ही भावांच्या शेतांच्या मध्ये एक पाणथळ खोलगट पट्टा होता. चांगल्या वर्षी तिथे बदकं पोहायची. त्या वर्षी सगळ्या तालुक्यात हिरवं असं तेवढंच होतं, कमरेएवढं गवत. बापाने मरताना पट्ट्याचे दोन भाग केले होते, मध्ये लोखंडी तीन खांब ठोकून. उत्तरेचं डेल्मरचं, दक्षिणेचं मर्लचं. डेल्मरच्या चाळीस गायी हिवाळा काढणार होत्या त्या गवतावर.

जुलैच्या शेवटी डेल्मर आणि वर्ना पहाटे पाचला उठले. डेल्मरने कापणीयंत्राच्या पात्यांना कानस मारली, वर्नाने सांध्यांना ग्रीस भरलं. ती पाती एकेक करून पुसून देत होती, तो बसवत होता. तीन बोटांनी बोल्ट फिरत नाही म्हणून शेवटचा पीळ नेहमी तीच द्यायची. साडेसातला ते पट्ट्यावर पोचले तर समोर कापलेलं गवत. खांब ओलांडून उत्तरेला, म्हणजे डेल्मरच्या भागात, अकरा ओळी. आणि बाराव्या ओळीत मर्लचा ट्रॅक्टर सावकाश येत होता.

डेल्मर ट्रॅक्टरच्या आडवा जाऊन उभा राहिला. ट्रॅक्टर थांबला तो त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर.

"हे माझं गवत आहे."

"खांबापर्यंत कापलंय," मर्ल त्याच्या कानाला म्हणाला.

"खांब मागे राहिला. अकरा ओळी मागे."

"मला दिसतो खांब."

"मग दाखव. बोटाने दाखव, कुठे आहे."

पायाशी पडलेली ग्रीसची पिचकारी मर्लने उचलली आणि डेल्मरच्या अंगावर फेकून मारली. ती खांद्याच्या हाडावर लागली. डेल्मरने त्याचा बूट धरून त्याला खाली ओढलं. बहात्तर वर्षांचा मोठा देह ट्रॅक्टरच्या पायरीवर आपटत खाली आला, आणि मग दोघं कापलेल्या गवताच्या खुंटांवर लोळायला लागले. ते खुंट सुयांसारखे असतात. दोघांच्या पाठी, कानांच्या पाळ्या सोलून निघाल्या. डेल्मर त्याच्या छातीवर बसून तीन बोटांच्या मुठीने मारत होता. मर्ल मारत कमी आणि चाचपत जास्त होता. त्याच्या हाताला भावाचा गळा लागला तेव्हा त्याने तो धरला आणि सोडेना. डेल्मरचे डोळे बाहेर यायला लागले.

वर्नाने दाताळं उलटं धरलं आणि दांड्याने दोघांना सारखंच बडवलं. एकाला एक, दुसऱ्याला एक. घरात न्याय म्हणून जो काही होता तो एवढाच. पाचव्या-सहाव्या फटक्याला मर्लची पकड सुटली.

"चोर," डेल्मर खोकत म्हणाला. "चाळीस गायींच्या तोंडचं चोरलंस."

मर्ल गुडघ्यांवर बसून गवतात हात फिरवत होता. टोपी शोधत होता. टोपी त्याच्या समोर होती. वर्नाने ती उचलून त्याच्या डोक्यावर आपटली.

"जा घरी."

त्यानंतरच्या गुरुवारी टिप्पी मेली. टिप्पी डेल्मरची गुरं राखणारी कुत्री, पिवळट राखी रंगाची, एक कान चुरगळलेला, अधू. भावाभावांत काय चाललंय याचं तिला काही नव्हतं. ती रोज सकाळी दोन मैल चालत मर्लकडे जायची, तळलेल्या डुकराच्या सालीचा तुकडा खायची आणि परत यायची. त्या दिवशी मर्ल तिला दोन्ही हातांवर घेऊन आला. चालत. गोळी खांद्यातून शिरून पोटातून बाहेर पडली होती. त्याचा सदरा आणि विजार गुडघ्यापर्यंत रक्ताने भिजलेली. त्याने तिला फाटकाशी ठेवलं.

"वासरांच्या गोठ्यापाशी होती," तो म्हणाला. "मला कोल्हा वाटला."

डेल्मर कुत्रीशेजारी वाकला. "जन्मभर गुरं पाळलीस. कुत्रं कुठलं आणि कोल्हा कुठला हे तुला ओळखता येत नाही?"

मर्लने मान वाकडी केली. डेल्मरच्या कानाकडे बघितलं.

डेल्मरने त्याला हात लावला नाही. फावडं आणलं, खड्डा खणायला लागला. जमीन विटेसारखी होती. अर्ध्या खड्ड्याला फावड्याचा दांडा मोडला तेव्हा त्याने पहार घेतली. मर्ल उभाच होता. मग वर्ना घरातून आली. मर्लचे धुतलेले कपडे घडी करून ठेवलेले होते ते गाठोडं तिने रस्त्याच्या धुळीत टाकलं.

"यापुढे तुझं तू धू."

तो वाकला, पहिल्या वेळी हात गाठोड्याच्या शेजारी पडला, दुसऱ्या वेळी सापडलं. आम्हाला हे वर्नाने नंतर सांगितलं. तेव्हा तिला वाटलं, प्यायलाय.

ऑगस्टच्या मध्याला एका मंगळवारी साडेतीनला बारमध्ये अनोळखी माणूस आला. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, तांबडे बूट, बुटांवर धूळ नाही. हेस्टात बुटांवर धूळ नसलेला माणूस एक तर मेलेला असतो किंवा सरकारी. त्याने लिंबाचं सरबत मागितलं आणि न विचारता आडवं कार्ड काढून ठेवलं. वर्नाने ते इतका वेळ वाचलं की सरबतातला बर्फ वितळला.

आम्ही पाचजण होतो. पाचही जणांनी आपापली कार्डं ग्लासाशेजारी मांडून ठेवली, पत्त्यांचा डाव असावा तशी. पाद्री लुंडेंनी तर छातीवर धरलं. वर्ना एकच ग्लास पुसत होती. परवान्याच्या चौकटीकडे बघायचं नाही असं ठरवून ती परत परत तिकडेच बघत होती.

डेल्मर बाहेर पिकअपच्या मागे उभा राहून बियरची पिंपं उतरवत होता. टिप्पी गेल्यापासून तो जास्त बोलत नव्हता. पिंपं जड म्हणून त्याने पिकअप अगदी दारासमोर, सावलीत लावला होता. ती जागा मर्लची. सव्वीस वर्षं चार वाजता ती रिकामी असायची, आणि मर्ल येईनासा झाल्यापासून तर तिथे कुणाचंच काही नव्हतं.

चारला तीन मिनिटं कमी असताना खडीच्या रस्त्यावर चाकांचा आवाज आला. तो आवाज आम्ही सगळे ओळखत होतो. जरा रस्त्याच्या कडेने, खडीच्या रांगेला चाक लावून, सावकाश. आवाज दारासमोर वळला आणि थांबला नाही.

धडक बसली तेव्हा भिंतीवरची घड्याळं हलली. डेल्मरने पिंप दोन्ही हातांत धरलं होतं. पुढून धक्का बसलेल्या पिकअपचं मागचं फळकूट त्याच्या मांड्यांवर येऊन आदळलं, पिंप हातातून सुटलं आणि डाव्या पायाच्या बोटांवर पडलं. बुटाच्या आत हाड मोडल्याचा आवाज मी खिडकीतून ऐकला, असं मी सांगतो, आणि लुंडेही सांगतात. ते ठार बहिरे आहेत.

मर्ल आत आला. हाताने दाराची चौकट चाचपली, शेवटच्या स्टुलापर्यंत पावलं मोजल्यासारखा चालत गेला, बसला.

"वर्ना," तो म्हणाला. "बियर दे. मग बोलतो. मला डेल्मरशी बोलायचंय."

वर्नाने इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघितलं. मग दिराकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आडनावाने हाक मारली. तेच आडनाव तिचंही होतं.

"मिस्टर स्कोग्मो, कार्ड."

"कोण मिस्टर?"

"कार्ड दाखवा, मिस्टर स्कोग्मो. नाहीतर देता येणार नाही."

"वर्ना, आज नको. आज दे."

"कार्ड."

दार उघडलं. डेल्मर एका पायावर होता. हातात चाकाचे बोल्ट काढायची लोखंडी कांब. मांडीपासून खाली विजार फाटलेली, बुटातून रक्त पाझरत होतं.

"कुत्री मारलीस," तो म्हणाला. "आता मला."

मर्ल आवाजाच्या दिशेने उठला. इस्त्रीवाला माणूसही उठला, भल्या माणसासारखा, दोघांच्या मध्ये जाऊ नये म्हणून भिंतीकडे सरकला. मर्लने ठोसा लगावला. तो ठोसा डेल्मरपासून दोन हात डावीकडे गेला आणि इस्त्रीवाल्याच्या नाकावर बसला. नाक ओल्या फांदीसारखं वाजलं. तो माणूस स्टुलासकट मागे गेला आणि सरबत त्याच्यामागून.

डेल्मरने कांब फिरवली. मर्लने हात वर केला होता, पण भलत्याच बाजूला. कांब कोपराच्या खाली बसली आणि हात मध्येच वाकला, जिथे वाकायला सांधा नसतो तिथे. मर्ल ओरडला नाही. गुडघ्यांवर बसला. डेल्मरने कांब टाकली आणि मोडका पाय जमिनीवर टेकवून चांगल्या पायाने लाथा घालायला लागला. बरगड्यांत. प्रत्येक लाथेला एक शब्द.

"गवत."

"कुत्री."

"मनगट."

"बोल. आता बोल. माझ्याकडे बघून बोल."

मर्ल तोंडातून रक्त टाकत त्याच्या कानाकडे बघत होता. त्यामुळे डेल्मरचा राग आणखी चढला. त्याने तोंडावर लाथ मारली. एक दात स्टुलांखाली घरंगळत गेला. आम्ही दोघा-तिघांनी डेल्मरला धरायचा प्रयत्न केला, म्हणजे आम्ही उभे राहिलो. वर्नाने त्याचा सदरा पकडला, सदरा फाटला. तिने केस पकडले, तो थांबेना. तेव्हा तिने गल्ल्यावरची फळी दोन्ही खिळ्यांसकट ओढून काढली आणि नवऱ्याच्या डोक्यात घातली.

फळीचे दोन तुकडे झाले. 'कुणीही असो' हा तुकडा बाहेर उडाला. डेल्मर भावाच्या शेजारी खाली बसला.

शेरीफचा डेप्युटी, म्हणजे आमच्याकडचा पोलीस, कर्मिट बोन दहा मिनिटांत आला. तो दोघांच्याही शेतांच्या पलीकडे राहतो. मर्लने त्याला लहानपणी पोहायला शिकवलं होतं. त्याने खोली पाहिली, टोपी काढली, परत घातली आणि वही उघडली.

"नाव?"

"कर्मिट," मर्ल जमिनीवरून म्हणाला, "तुला माझं नाव माहितीय."

"मला विचारावं लागतं. ओळखपत्र?"

खोलीत कुणीतरी उसासा टाकला. आता हा परत नाही म्हणणार, आणि कर्मिटला काहीतरी करावं लागणार. पण मर्ल थकला होता.

"सदऱ्याच्या खिशात. हात चालत नाही. वर्नाला काढू दे."

वर्ना गुडघ्यांवर बसली. खिशाचं बटण लावलेलं होतं. आतून तिने प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं कार्ड काढलं. नव्यासारखं कोरं, आडवं. त्यावरचं रक्त तिने ॲप्रनला पुसलं. इतके दिवस हे कार्ड या खिशात होतं, झडपेमागे नव्हे, छातीवर, बटण लावून. ती वाचायला लागली. "मर्ल ऑर्विल स्कोग्मो. जन्म चार नोव्हेंबर." वर्ष वाचलं. कार्ड अजून चार वर्षं चालणार होतं. मग थांबली.

"पुढे?" कर्मिट पेन धरून.

"पुढे काही नाही," वर्ना म्हणाली.

डेल्मरने तिच्या हातातून कार्ड घेतलं. डोक्यातून येणारं रक्त त्याच्या डोळ्यात जात होतं. एक डोळा मिटून त्याने वरची तांबडी ओळ मोठ्याने वाचली, त्याला मनातल्या मनात वाचता येत नाही म्हणून.

"केवळ ओळखीसाठी. वाहन चालवण्याचा परवाना नव्हे."

पंखा फिरत होता. टोळ खिडकीच्या जाळीवर आदळत होते.

"दोन वर्षं झाली," मर्ल म्हणाला. "डोळ्यांच्या तपासणीत काढून घेतला. त्याच्याऐवजी हे देतात. मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. माणसाचं तोंड असतं तिथे भोक असतं. कान दिसतो."

"खांब?" डेल्मरने विचारलं.

"नाही दिसला."

डेल्मरला पुढचं विचारायचं होतं ते विचारता येईना. मर्लने आपणच सांगितलं. "हात लावल्यावर कळलं. अधू कान हाताला लागला तेव्हा."

डेल्मर तीन बोटांच्या हाताकडे बघत बसला. यंत्रात हात गेला होता त्या दिवशी पट्टा कापून तो बाहेर काढणारा मर्लच होता. ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तो विषय कुणी काढला नाही.

"सांगायचं होतंस," तो शेवटी म्हणाला.

"कुणाला? चारला इथे यायचं बंद झालं असतं. दोन मैल आहे." मर्लने श्वास घ्यायचा प्रयत्न केला, बरगड्यांनी घेऊ दिला नाही. "आज सांगायलाच आलो होतो. गवताचे गठ्ठे गाडीत टाकून आणलेत. जमतील तेवढे."

आम्ही खिडकीतून पाहिलं. खरंच होते. त्यातले चार धडकेने रस्त्यावर पडले होते.

कोपऱ्यातून घोगरा, बंद नाकाचा आवाज आला. इस्त्रीवाला भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही नाकपुड्यांत कागदी रुमालाच्या गुंडाळ्या, मांडीवर कागद, हातात पेन. सदऱ्याची इस्त्री गेली होती.

"बाईंनी कार्ड मागितलं," तो लिहिता लिहिता म्हणाला. "दोनदा. तीनदा. नातलग असताना. कार्डाआधी बियर दिली नाही." त्याने कागद फाडून वर्नाकडे धरला. "बारच्या परवान्याला आता धोका नाही. नाकाचं मी यांच्याशी वेगळं बोलेन."

वर्नाने कागद घेतला. वाचला नाही. परवान्याच्या चौकटीमागे खोचला. मग नळाशी गेली, ग्लास तिरका धरला, भरला, फेस चमच्याने काढला, आणि येऊन मर्लच्या चांगल्या हाताशी जमिनीवर ठेवला.

"कार्ड चालतं," ती कर्मिटला म्हणाली. "एकवीस पूर्ण."

कर्मिटने वहीत डोकं घातलं. मर्लचा हात जमिनीवरून सरकत गेला. ग्लासाच्या शेजारून गेला, परत आला. डेल्मरने ग्लास बोटभर पुढे सरकवला. मर्लच्या हाताला लागला.

तो प्यायला. फेसात रक्त मिसळलं. मान वाकडी करून त्याने वर्नाच्या कानाकडे बघितलं.

"वर्ना."

"काय?"

"त्या कार्डावर फोटो बरा आलाय का, तेवढं जरा बघून सांग. मला विचारायला कुणी नव्हतं."